अर्धा तास शिल्लक आणि पाचची एसटी

रविवारी आमच्या महाविद्यालयात मुलं नसतात, तरी लॅब भरलेल्या असतात. नांदेड शहराबाहेरचं अभियांत्रिकी महाविद्यालय. आठवडाभर ज्या संगणकांवर पोरं जावा आणि डेटाबेसची प्रात्यक्षिकं उरकतात, त्यांच्यावरच सुट्टीच्या दिवशी बँकवाले, विमावाले, नर्सेस, इंजिनियर परीक्षा द्यायला बसतात. महाविद्यालयाला भाडं मिळतं, आम्हाला मानधन. मी सिस्टिम बघतो. सगळं सुरळीत असलं की माझं अस्तित्व कुणाला जाणवत नाही आणि काही बिघडलं की प्रत्येक जण माझ्याच नावाने हाका मारतो.

बऱ्याच जणांना वाटतं, इंटरनेट गेलं की परीक्षा गेली. तसं नसतं. पेपर कुलूपबंद फाइलच्या रूपात आधीच आमच्या इथल्या सर्व्हरवर उतरलेला असतो, त्याचा पासवर्ड सुरुवातीच्या थोडा आधी येतो. एकदा परीक्षा सुरू झाली की परीक्षार्थीचा संगणक फक्त इमारतीतल्या त्या सर्व्हरशी बोलतो. पर्यायावर क्लिक केलं की त्याच क्षणी नोंद. शेजारी दुसरा सर्व्हर तयारीत बसलेला. एखादा संगणक बंद पडला तर त्या माणसाला राखीव संगणकावर बसवायचं, लॉगिन करायचं. प्रश्न तोच, उत्तरं तीच, घड्याळ थांबलं होतं तिथूनच पुढे.

ही व्यवस्था मला मनापासून आवडते, कारण कागदी परीक्षांना पर्यवेक्षक म्हणूनही मी याच इमारतीत उभा राहिलोय. पुरवणी कुणाची, दोरा कुणी बांधला नाही, शेवटच्या बाकावर कोण वाकून बघतंय, गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका कमी का भरतेय. एकदा एक पुरवणी दोऱ्यातून सुटून कुठे गेली ती गेली. त्या मुलाने लिहिलेलं एक अख्खं उत्तर होतं याला पुरावा काय, तर त्याचा शब्द. आता पुरावा सेकंदाच्या हिशेबात असतो. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याकडे बघून उपयोग नाही. फुटलेल्या लिफाफ्याची भानगड नाही, तपासणाऱ्याचा मूड नाही, अक्षर लागत नाही म्हणून गुण कापणं नाही.

गेल्या मे महिन्यातला रविवार. बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा होती, जी पास झालं की पगारवाढ लागते. त्यामुळे येणारी मंडळी नुकती पास झालेली पोरं नव्हेत. तिशी-चाळिशीतले, काही पन्नाशी ओलांडलेलेही. कपाळावर चष्मा, हातात हॉलतिकिटाची घडी. यातले कॅशियर ओळखू येतात. वर्षानुवर्षं नंबर पॅडवर बोटं चालवलेली असतात, बघायला खाली मान घालावी लागत नाही. परीक्षेत मात्र कीबोर्ड बंद, सगळं माउसवर. सवयीने कुणाचं बोट एंटरवर गेलं की स्क्रीन लॉक होते आणि ते दचकून इकडेतिकडे बघतात, आता आपल्याला बाहेर काढतात की काय म्हणून. मग आम्ही जाऊन उघडून द्यायचं.

तिसरी शिफ्ट दोनला सुरू झाली, चारला संपायची. उकाडा असह्य होता. अडीचच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि पावणेतीनला वळवाचा पाऊस सुटला, वाऱ्यासकट. वीज गेली. यूपीएसने भार घेतला, मामांनी जनरेटर सुरू केला, लाइट क्षणभरही लुकलुकले नाहीत. मी मनातल्या मनात मामांना शाबासकी देत होतो तेवढ्यात जवळच कुठेतरी कडाडून वीज पडली आणि खिडकीकडच्या दोन रांगांतल्या सगळ्या स्क्रीनवर एकच संदेश आला : सर्व्हरशी संपर्क तुटला आहे.

बावीस संगणक. त्या रांगांतले संगणक सर्व्हरला जोडणारा नेटवर्क स्विच मेला होता. चोवीस पोर्टचा साधा स्विच, दिवे सगळे बंद, हात लावला तर चटका बसला.

बाकीची लॅब निवांत परीक्षा देत होती आणि इथे बावीस जण खुर्चीत वळून माझ्याकडे बघत होते. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच. "सर, माझी उत्तरं गेली का?" गेली नव्हती. एकाचंही एक उत्तर गेलं नव्हतं, सर्व्हरवर मला दिसत होती. पण हे मी सांगून कोण विश्वास ठेवणार? मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि कुणाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

राखीव संगणक सहा होते. ते काही कमी नाहीत, एखाददुसरा बंद पडेल या हिशेबाने ठेवलेले असतात, दोन रांगा एकदम जातील या हिशेबाने नव्हे. परीक्षा घेणाऱ्यांच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तक्रार क्रमांक मिळाला, आसन क्रमांकाप्रमाणे पहिले सहा हलवा असा आदेश आला. उरले सोळा. नवा स्विच बसवायला त्यांची परवानगी लागते, कारण परीक्षा चालू असताना नेटवर्कला हात लावणं म्हणजे संशयाला जागा. हा नियम बरोबरच आहे. पण परवानगी देणारा माणूस त्या वेळी राज्यातली किती केंद्रं एकदम सांभाळत असेल कोण जाणे, कारण वळीव काही एकट्या नांदेडवर पडत नाही. पहिल्या मजल्यावरच्या लॅबमधला स्विच काढून आणायचा, बसवायचा, फोटो पाठवायचे, सोळा जणांची पुन्हा ओळख तपासायची. पन्नास मिनिटं गेली.

कागद असता तर त्या पन्नास मिनिटांत काय झालं असतं? काहीच नाही. खिडक्या लावल्या असत्या, फार तर दोन पानं भिजली असती. कागद बिघडतो तेव्हा एकेका माणसाचा बिघडतो, संगणक बिघडतात ते रांगेने. २००९ साली कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा, पहिल्यांदा संगणकावर घेतली तेव्हा व्हायरसमुळे कित्येक केंद्रांवर परीक्षा अडकल्या होत्या, हे आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना अजून आठवतं.

सोळा जणांना जागेवरच बसवून ठेवलं होतं. पेपरबद्दल बोलायचं नाही एवढी ताकीद दिली, मग ते बाकीचं बोलू लागले. कोण कुठून आलंय हे त्यातून कळलं. देगलूर, हदगाव, भोकर, एक जण हिंगोलीकडच्या एका खेड्यातून. पेपर-पेन असताना तालुक्याच्या शाळेतही केंद्र देता येत होतं. बाकं, फळा आणि पाण्याचा माठ असला की झालं. आता एका जागी शेदीडशे धड चालणारे संगणक, यूपीएस, जनरेटर, सीसीटीव्ही, जॅमर लागतात, ते तालुक्यात कुठून आणायचे? म्हणून केंद्र जिल्ह्याला, कधी त्याच्याही पलीकडे. घरबसल्या सोय होईल असं ज्यांना सांगितलं गेलं, त्यांची परीक्षा घरापासून आणखी लांब गेली.

संगणक पुरत नाहीत म्हणून शिफ्ट पाडाव्या लागतात, शिफ्ट पाडल्या की पेपर वेगळे, पेपर वेगळे की गुणांचं समानीकरण, म्हणजे सोप्या-अवघड पेपरांचे गुण सूत्राने एका पातळीवर आणणं. त्याचं काय होतं ते २०२३ च्या तलाठी भरतीत अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं, २०० पैकी २१४ गुण. गणित त्यात चुकलेलं नव्हतं म्हणतात, पण पोराच्या बापाला ते समजावून सांगा. डॉक्टरांच्या नीट-पीजीबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितलं की दोन शिफ्ट नकोत, एकाच वेळी घ्या. तेवढी केंद्रं जमवायला १५ जूनची परीक्षा ३ ऑगस्टवर गेली.

त्या सोळांत एक शाखाधिकारी होते, निवृत्तीला फार वर्षं उरलेली नसावीत. ते म्हणाले, "आमच्या साहेबांनी ही परीक्षा दिली तेव्हा पानंच्या पानं लिहायची होती. चेक परत का केला ते ग्राहकाला कळेल असं लिहून दाखवा, असले प्रश्न. आता माझ्याकडे नवी पोरं येतात, शंभरातले पंचाऐंशी प्रश्न बरोबर सोडवलेली. कर्ज नाकारल्याचं पत्र लिही म्हटलं की जुनं पत्र शोधतात." यावर पलीकडची एक तरुण बाई पटकन बोलली, "पण सर, ते लिहिलेलं तपासणारा आमच्या मराठी मीडियमच्या इंग्रजीला गुण देत होता का?" शाखाधिकारी हसले, म्हणाले हेही खरंच आहे. सीएच्या इंटर आणि फायनलच्या मुलांना अजून हाताने लिहावंच लागतं, बहुपर्यायी प्रश्न फक्त तीस टक्के गुणांचे. मला विचाराल तर तेवढी विभागणी बँकेच्या परीक्षेलाही शोभेल, पण मला कोण विचारतंय.

तीन चाळीसला स्क्रीन उजळल्या. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तेच आकडे : एक तास दहा मिनिटं शिल्लक. सगळ्यांनी आधी मागे जाऊन आपली उत्तरं आहेत का ते बघितलं. होती. मला बरं वाटलं.

ती पलीकडची बाई मात्र हात वर करून बसली होती. "सर, मला आता चार-वीसला उठावं लागेल. चालेल का?" मी म्हटलं, मॅडम, चार पन्नासपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे, एक मिनिट कमी झालेलं नाही. ती म्हणाली, "माहूरची शेवटची गाडी पाचला आहे. इथून स्टँडला जायला अर्धा तास. चारला सुटणार म्हणून मी हीच गाडी धरली होती."

मी सुचवलं, आज शहरात राहा, सकाळच्या पहिल्या गाडीने जा. नांदेड ते माहूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिची शाखा माहूरच्याही पुढे. ती म्हणाली, "कॅशची एक चावी माझ्याकडे असते सर, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. सोमवारी बाजार असतो आमच्याकडे. अकरा वाजेपर्यंत लोक पासबुक घेऊन ओट्यावर बसतील." आवाजात तक्रार नव्हती. तिने हिशेब आधीच करून ठेवला होता, मला फक्त नियम विचारत होती.

काही परीक्षांत वेळ संपेपर्यंत उठू देत नाहीत, इथे तशी अट नव्हती. मी कंट्रोल रूमला विचारलं, हिची परीक्षा दुसऱ्या दिवशी घेता येईल का. उत्तर आलं, परीक्षार्थीचा वेळ पूर्ण परत मिळालेला आहे, त्यामुळे फेरपरीक्षेचं कारण उरत नाही. नियमाने बघितलं तर खोटं काय आहे त्यात?

मग तिने चाळीस मिनिटं जी घाई केली ती मी लांबून बघत होतो. प्रश्न वाचायचा, कच्च्या कागदावर एक आकडा, क्लिक, पुढचा. चार-वीसला तिने सबमिट केलं. स्क्रीनने विचारलं, नक्की का? तिने पुन्हा क्लिक केलं, कच्चा कागद माझ्या हातात दिला आणि ओढणी डोक्यावर घेऊन भिजत गेटकडे गेली. शिपायाने तिच्यासाठी रिक्षा थांबवून ठेवली होती, एवढं तरी झालं. गाडी मिळाली की नाही, पास झाली की नाही, आम्हाला कळत नाही. निकाल थेट परीक्षार्थीला जातो.

यावर कुणी म्हणेल, मग घरूनच घ्या ना परीक्षा. जगात अनेकांनी महासाथीत तेच केलं. एसीसीए ही लेखापालांची ब्रिटनची संस्था, पुण्या-मुंबईतली मुलंही तिच्या परीक्षा देतात. तिनेही २०२० मध्ये घरून परीक्षा सुरू केली आणि आता मार्च २०२६ पासून, अगदी अपवाद सोडले तर, बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण एआय हाताशी असलेल्या माणसाला कॅमेऱ्यातून आवरता येईना. आणि त्या बाईच्या घरी सलग दोन तास वीज आणि रेंज दोन्ही राहतील याची हमी कोण देणार? इथे निदान जनरेटर मामांच्या ताब्यात आहे.

संध्याकाळी घटनेचा अहवाल भरायचा होता. त्यात खाली उघडणाऱ्या यादीतून कारण निवडावं लागतं : वीज, नेटवर्क, हार्डवेअर, परीक्षार्थीचं गैरवर्तन. तिच्या नावापुढे सिस्टिमने आपणहून लिहिलेलं होतं, परीक्षार्थीने स्वेच्छेने सबमिट केले, शिल्लक वेळ एकोणतीस मिनिटे. मी 'इतर' निवडून शेरा लिहिला की विलंबामुळे शेवटची बस चुकत होती, लांबच्या परीक्षार्थींना सकाळची शिफ्ट द्यावी, आणि बिघाड झाला तर राखीव संगणक आसन क्रमांकाऐवजी परतीचं अंतर बघून द्यावेत. शेऱ्याला अक्षरांची मर्यादा होती, शेवटचं वाक्य दोनदा कापावं लागलं.

तीन दिवसांनी तक्रार निकाली काढल्याचा मेल आला, कारण हार्डवेअर. प्राचार्यांनी दोन जादा स्विच आणि वीजरोधक बसवायला लगेच मंजुरी दिली, ते बसलेही. शिफ्ट कुणाला कोणती द्यायची हे मात्र आमच्या हातात नाही. पुढच्या परीक्षेची यादी आली तेव्हा मी पत्त्यांचा रकाना शोधला. आमच्याकडे येणाऱ्या यादीत फक्त नाव, फोटो आणि आसन क्रमांक असतो. म्हणून आता गेटवर ओळखपत्र तपासतानाच मी विचारून घेतो, परतीची गाडी कितीची आहे, आणि पेन्सिलने नावापुढे लिहून ठेवतो. कंट्रोल रूमला हे मान्य आहे की नाही, अजून विचारलेलं नाही.