म्हापशाहून आलेली वार

जून 2021. गोव्यातली दुसरी लाट ओसरू लागली होती. म्हापशाहून फॉर्मेलिनच्या डब्यात एक वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला पोसणारी प्लासेंटा, आमच्या पॅथॉलॉजी विभागात आली. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा, बाळ पोटातच गेलं. पंधरवड्यापूर्वी कोविड, घरीच बरी झाली.

एरवी वार पिवळ्या पिशवीत भरून जाळायला जाते. म्हापशाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी ती आवर्जून राखून ठेवली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

निरोगी वार कापली की स्पंजासारखी दबते, आतून गडद लाल दिसते. इथे सुरीच अडली. काप घट्ट, फिकट, पिवळट-पांढऱ्या जाळीने भरलेला. मऊ लाल भाग फक्त कडेकडेला उरला होता.

स्लाइड पाहिल्या आणि हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवलं. आईचं रक्त ज्या पोकळीतून खेळतं, ती फायब्रिनने, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या चिवट प्रथिनाने, बुजून गेली होती. वारेतल्या बोटांसारख्या अंकुरांवरचा ट्रोफोब्लास्ट पेशींचा थर, ज्यातून बाळाला प्राणवायू मिळतो, तो मेलेला. मधल्या जागेत हिस्टिओसाइट या रोगप्रतिकारक पेशींची दाटी. मेणात बसवलेला वारेचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, मुंबईला पाठवला. त्या मेलेल्या थरातच कोविडच्या विषाणूचं प्रथिन सापडलं.

ही तपासणी नुसत्या कुतूहलापोटी नव्हती. असंच चित्र संसर्गाशिवायही दिसतं आणि तेव्हा ते पुढच्या गरोदरपणात पुन्हा उद्भवण्याची भीती मोठी असते. विषाणूमुळे झालं असेल तर तशी धास्ती सहसा नसते. त्या पहिलटकरणीच्या पुढच्या आयुष्यासाठी हा फरक फार मोठा होता.

अहवाल समजून घ्यायला ती सासूबाईंबरोबर आली. घरात तोवर पपई, स्कूटर, ग्रहण, सगळ्यांवर बोट ठेवून झालं होतं. "डॉक्टर, माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"काही नाही. बाळाला श्वास पुरवणारी वारच विषाणूने निकामी केली."

सासूबाईंनी लसीचं विचारलं. मी सांगितलं, गरोदर बायकांना ती अजून मिळतच नाही. परवानगी आली ती 2 जुलैला.

पुढे 2022 मध्ये 12 देशांतल्या अशा 68 बाळांच्या वारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी तीन चतुर्थांशांहून अधिक वार निकामी झालेली होती. आमच्या स्लाइड मी पुन्हा काढून पाहिल्या. तेच चित्र होतं. आता पोटात बाळ गेलेल्या प्रत्येक बाईची वार पाठवा, असं मी ओळखीच्या सगळ्या प्रसूतिगृहांना फोन करून सांगते.