मर्यादित बजेटमध्ये एरो चाकांची निवड: माझा अनुभव

चाळीस किलोमीटरच्या वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीत, माझा सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास येऊन थांबला होता. एरो चाके, म्हणजे हवा कमी अडवणारी, खोल (उंच कडेच्या) रिमची चाके, घ्यावीत असे मनात आले, तेव्हा हाताशी असलेली रक्कम चांगल्या कार्बन चाकांच्या जोडीच्या किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश होती. सायकल रिम ब्रेकची, काही वर्षे जुनी. चाके ॲल्युमिनियमची, बुटक्या रिमची आणि ३२ गोल स्पोकांची. नवी सायकल घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे आहे त्या फ्रेममध्ये, आहे त्या ब्रेकवर आणि ठरलेल्या रकमेत हवेचा जास्तीत जास्त विरोध कसा कमी करता येईल, एवढाच प्रश्न मी स्वतःपुढे ठेवला.

सुरुवात जाहिरातींतल्या आकड्यांपासून केली. बहुतेक उत्पादक आपल्या चाकांमुळे वाचणारे वॅट ताशी ४५ किंवा ५० किलोमीटर वेगाला मोजून छापतात, आणि त्या वेगाने एकट्याने तासभर सायकल चालवणारे लोक फार थोडे असतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणून ताशी ४५ किलोमीटरला १२ वॅट वाचवणारे चाक ताशी ३२ किलोमीटरला साधारण ४.३ वॅटच वाचवते. हा आकडा पाहून क्षणभर उत्साह मावळला, परंतु वॅट सोडून वेळेचा हिशेब मांडला तेव्हा चित्र बदलले. संथ सायकलस्वार तेच अंतर कापायला जास्त वेळ घेतो, त्यामुळे टक्केवारीत जवळपास तेवढीच असलेली बचत त्याला जास्त सेकंद मिळवून देते. माझ्या अंदाजी गणितात ४५ च्या वेगाने जाणाऱ्याचे ४० किलोमीटरमध्ये ३५ सेकंदांच्या आसपास वाचत होते, तर माझे सुमारे पाऊण मिनिट. तेव्हा ‘एरो चाके फक्त वेगवान लोकांसाठी’ हे सर्रास ऐकू येणारे विधान मी बाजूला ठेवले. मात्र पाऊण मिनिटासाठी किती खर्च करायचा, हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

सपाट रस्त्यावर या वेगाला एकूण विरोधाचा मोठा भाग हवेचा असतो आणि त्या हवेच्या विरोधातला बहुतांश वाटा स्वाराच्या शरीराचा असतो; चाकांचा वाटा त्या मानाने लहान आहे. कोपरे वाकवून धड खाली नेणे आणि अंगाला घट्ट बसणारी जर्सी घालणे यांनी जे मिळते, ते कोणत्याही रिमने मिळणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त असते आणि त्याला खर्चही जवळपास शून्य लागतो. ते माझे आधीच करून झाले होते, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

टायरचा विषय मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण माझ्या मर्यादित रकमेतला पहिला हिस्सा मी चाकांवर नव्हे तर टायर आणि ट्यूबवर खर्च केला. जाड, टिकाऊ सरावाचे टायर आणि शर्यतीसाठी बनवलेले लवचीक टायर यांच्या घर्षणातला फरक जोडीमागे दहा वॅटच्याही पुढे जाऊ शकतो. शिवाय ही बचत वेगाच्या घनावर नव्हे, तर सरळ वेगावर अवलंबून असते; म्हणजे माझ्यासारख्या मध्यम वेगाच्या स्वाराला तिचा तुलनेने अधिक लाभ होतो. साध्या ब्युटाइल ट्यूबऐवजी लॅटेक्सची ट्यूब टाकली की प्रत्येक चाकामागे आणखी दोनतीन वॅट हाती लागतात. लॅटेक्समधून हवा लवकर झिरपते, त्यामुळे दर वेळी निघण्यापूर्वी पंप घेऊन बसावे लागते. हा त्रास मी मान्य केला. नव्या खोल रिमवर जुने जाड टायर चढवून फिरणारे लोक पाहिले की मला त्यांच्या पाकिटाची काळजी वाटते.

यानंतर उरलेल्या रकमेत तीन वाटा दिसत होत्या. पहिली, थेट ग्राहकाला विकणाऱ्या एखाद्या कमी परिचित उत्पादकाची संपूर्ण कार्बनची नवी जोडी. दुसरी, सुमारे ३० मिलिमीटर खोलीची, चपट्या स्पोकांची नवी ॲल्युमिनियम जोडी. तिसरी, वापरलेली खोल चाके. पहिल्या वाटेचे आकर्षण मोठे होते, कारण वजन कमी, दिसायला देखणी आणि खोली हवी तेवढी मिळते. परंतु माझी सायकल रिम ब्रेकची असल्याने ब्रेकची रबरे थेट रिमवर घासणार होती. कार्बन उष्णता नीट वाहून नेत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर घासपट्टी तापते, तंतूंना बांधून ठेवणारे रेझिन मऊ पडू शकते आणि रिम फुगण्याची किंवा ट्यूब फुटण्याची भीती निर्माण होते. चांगले उत्पादक त्यासाठी जास्त तापमान सोसणारे रेझिन वापरतात आणि स्वतंत्र रबरे देतात. स्वस्त चाकात नेमके कोणते रेझिन आहे हे बाहेरून पाहून कळत नाही, आणि ब्रेकच्या बाबतीत मला अंदाजावर राहायचे नव्हते. डिस्क ब्रेकच्या (रिमऐवजी चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर ब्रेक लागणाऱ्या) सायकलवर हा आक्षेप जवळजवळ नाहीसा होतो आणि तिथे मी कदाचित वेगळा निर्णय घेतला असता. अर्थात तिथे दुसरे प्रश्न येतात: ॲक्सल (चाकाचा आस) थ्रू, म्हणजे आरपार जाणारा, आहे की नाही, रोटर (ब्रेकची चकती) सेंटरलॉक, म्हणजे मधल्या एकाच कड्याने बसणारा, आहे की सहा बोल्टचा, आणि रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर टायर तिला चालणारा आहे का व हवेचा दाब ५ बारच्या मर्यादेत राहतो का.

दुसरी वाट सुरक्षित, पण तिच्यात फायदा थोडा होता. ॲल्युमिनियमची रिम फार खोल केली की वजन बेसुमार वाढते, म्हणून या प्रकारातली बहुतेक चाके ३० मिलिमीटरच्या आसपास थांबतात. आहे त्या चाकांपेक्षा ती नक्कीच बरी, कारण चपटे आणि कमी स्पोकही काम करतात. चाक फिरत असताना त्याचा सर्वांत वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो, म्हणून वरच्या भागातला प्रत्येक गोल स्पोक हवा जोराने घुसळतो; तो चपटा करणे किंवा खोल रिमच्या आत झाकून टाकणे यातून बराचसा लाभ येतो. तरीही नव्या जोडीची पूर्ण किंमत मोजून अर्धा फायदा घेणे मला पटले नाही.

तिसऱ्या वाटेकडे वळण्याचे कारण बाजाराने दिले. नव्या रोड सायकली बहुतेक डिस्क ब्रेकच्या झाल्यामुळे रिम ब्रेकची उत्तम चाके विकणारे पुष्कळ आणि घेणारे कमी, अशी स्थिती आहे. त्यातही ॲल्युमिनियमची घासपट्टी असलेली आणि त्याखाली कार्बनचा पोकळ भाग जोडून खोल केलेली चाके आणखी स्वस्त मिळतात, कारण ती जड समजली जातात. वजनाचा हा बाऊ मी गणिताने तपासला. सायकलसह माझे वजन ८० किलो धरले, तर २०० ग्रॅम म्हणजे पाव टक्का. तासभराच्या खड्या चढात त्याची किंमत साधारण नऊ सेकंद. रिमवरचे वजन वेग वाढवताना दुप्पट भासते हे खरे, परंतु टाइम ट्रायलमध्ये वेग वारंवार तोडून वाढवावा लागत नाही. सपाट मार्गावर जड पण खोल चाक हलक्या पण बुटक्या चाकापेक्षा वेगवान ठरते, आणि माझा मार्ग जवळपास सपाट होता.

पुढचा विचार मला स्वतःला सर्वांत उपयोगी वाटला. जोडी म्हणून दोन्ही चाके घेण्याची गरज आहे का? पुढचे चाक स्वच्छ, न ढवळलेल्या हवेला सामोरे जाते. मागच्या चाकापर्यंत पोहोचणारी हवा फ्रेमने आणि पायांनी आधीच विस्कटलेली असते. त्यामुळे खर्च पुढच्या चाकावर केंद्रित करावा आणि मागे अस्तित्वात असलेल्या ॲल्युमिनियम चाकावरच दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकची चकती, म्हणजे व्हील कव्हर, बसवावे, असे मी ठरवले. असे झाकलेले चाक हवेच्या दृष्टीने पूर्ण डिस्क चाकाच्या (स्पोकांऐवजी सबंध चकती असलेल्या चाकाच्या) बरेच जवळ जाते. डिस्क चाकांचा प्रभाव १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत इटलीचे सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेर यांनी तासाच्या (तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या) विक्रमात दाखवून दिला होता, ५०.८०८ किलोमीटर जाऊन त्यांनी बेल्जियमच्या एडी मर्क्स यांचा १९७२ मधला ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम मोडला आणि चारच दिवसांनी तो ५१.१५१ किलोमीटरवर नेला. अर्थात त्या यशात उंचावरच्या विरळ हवेचा आणि तयारीचाही वाटा होताच. कव्हरला काही मर्यादा आहेत. समूहाने धावणाऱ्या रोड शर्यतींत डिस्क चाकाला परवानगी नसते, आणि हवाई बेटांवरच्या कोना येथील आयर्नमॅन या ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेतही तिथल्या वाऱ्यामुळे अनेक वर्षे ते चालत नव्हते. म्हणून आपल्या स्पर्धेचा नियम आधी वाचावा. माझ्या टाइम ट्रायलला अडचण नव्हती.

पुढच्या चाकाची खोली ठरवताना बाजूच्या वाऱ्याचा प्रश्न आला. ताशी ३२ किलोमीटरने जाताना बरोबर आडवा, ताशी १० किलोमीटरचा वारा असेल तर स्वाराला हवा सुमारे १७ अंशांच्या कोनातून येते. ४५ च्या वेगाला तोच कोन १२-१३ अंश होतो. म्हणजे संथ स्वाराला वारा जास्त तिरपा लागतो. खोल रिम तिरप्या हवेत काही अंशांपर्यंत शिडासारखे काम करून विरोध आणखी घटवते. पण ठरावीक कोनानंतर हवा तिच्या पृष्ठभागापासून सुटते, फायदा ढासळतो आणि हँडल हिसका देऊ लागते. जुन्या इंग्रजी व्ही आकाराच्या अरुंद रिममध्ये हे लवकर आणि अचानक घडते; आतली कड बोथट व फुगीर असलेल्या रिममध्ये उशिरा आणि सौम्यपणे. मागचे चाक हँडलशी जोडलेले नसल्याने तिथे पूर्ण चकतीही सहन होते, पुढे मात्र संयम हवा. ८० मिलिमीटरची चाके वापरलेल्या बाजारात मोहात पाडण्याइतकी स्वस्त दिसत होती. ती इतकी स्वस्त का आहेत, याचे उत्तर वारा सुटलेल्या दिवशी मिळते. मी बोथट आकाराची ५० मिलिमीटर खोली निश्चित केली.

रुंदीबाबत चाके बनवणाऱ्या झिप कंपनीत काम करताना जॉश पोर्टनर यांनी रूढ केलेला १०५ टक्क्यांचा नियम मी पाळला. टायरवरून आलेली हवा रिमला पुन्हा चिकटावी यासाठी रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या किमान १०५ टक्के असावी, असा हा नियम आहे. इथे टायरवर छापलेला आकडा उपयोगाचा नाही, कारण रिमच्या आतल्या रुंदीप्रमाणे टायर कमीजास्त पसरतो. माझा २५ चा टायर हवा भरल्यावर कॅलिपरने २४.६ मिलिमीटर भरला, म्हणजे रिम किमान २५.८ मिलिमीटर हवी होती; मी घेतलेली २६ ची होती. जुन्या १९ मिलिमीटर रुंदीच्या खोल रिमवर हाच टायर लावला असता तर खोलीचे बरेचसे पैसे वाया गेले असते. रुंद रिम घेण्याआधी ब्रेकचे जबडे तेवढे उघडतात का आणि फोर्कमध्ये जागा आहे का, हेही मोजून घ्यावे लागते.

वापरलेले चाक पाहताना मी घाई केली नाही. घासपट्टीवर सरळ पट्टी आडवी धरली की झिजून आलेला खोलगटपणा दिसतो. झीज दाखवणारे ठिपके पुसट झाले असतील तर ते चाक परत ठेवावे. स्पोकांच्या भोकांपाशी केसासारख्या चिरा आहेत का ते उजेडात पाहिले, ॲल्युमिनियम आणि कार्बन जिथे जोडले आहेत त्या रेषेवरून नख फिरवले आणि सर्व बाजूंनी नाण्याने टिचकी मारून आवाज एकसारखा येतो का ते ऐकले. ॲक्सल बोटांत धरून चाक सावकाश फिरवल्यावर खरखर जाणवली, तर छर्रे किंवा बेअरिंग बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. थोडी आउट (फिरताना रिम डावीउजवीकडे डुलणे) असेल तर चिंता नाही, ती काढता येते. मात्र काही खोल रिममध्ये निपल (स्पोक आवळण्याचे छोटे नट) आत लपलेले असतात आणि टायर उतरवल्याशिवाय आउट काढता येत नाही, हे विचारून घेतलेले बरे. फक्त पुढचे चाक घेत असल्याने कॅसेट (मागच्या गिअरच्या चक्रांचा संच) आणि ती जिच्यावर बसते ती फ्रीहब जुळण्याचा प्रश्न आपोआप टळला. ट्यूबचा व्हॉल्व्ह ५० मिलिमीटरच्या रिममधून बाहेर येण्यासाठी एक्स्टेन्शन लागले, आणि मागच्या कव्हरला हवा भरण्यापुरते छिद्र व त्यावर झाकण ठेवावे लागले. कव्हर कॅसेटच्या मोठ्या चक्राला किंवा फ्रेमच्या नळीला घासत नाही ना, हे चाक स्टँडवर फिरवून पाहिले.

माझ्याकडे पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारण्याची शक्ती वॅटमध्ये मोजणारे यंत्र, नाही. म्हणून वारा नसलेल्या पहाटे, एकाच उतारावर, एकाच पवित्र्यात, पेडल न मारता घरंगळत जाऊन ठरलेल्या खुणेपाशी वेग नोंदवण्याची साधी पद्धत वापरली. टायर बदलल्याचा फरक त्यात स्पष्ट दिसला. मागचे कव्हर लावल्यावर सरासरी थोडी वर सरकली. पुढच्या खोल चाकाचा फरक मात्र एका दिवसापासून दुसऱ्या दिवसाच्या चढउतारात जवळपास बुडून गेला. चार वॅटचा फरक अशा मोजणीत दिसावा ही अपेक्षाही रास्त नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत मी माझ्या उतारापेक्षा विंड टनेलमधल्या (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातल्या) मोजमापांवर भिस्त ठेवली आहे.

जुने बुटके पुढचे चाक मी विकले नाही. ज्या दिवशी वारा झोतांनी सुटतो त्या दिवशी तेच लावतो. दोन्ही चाकांच्या घासपट्ट्या ॲल्युमिनियमच्याच असल्यामुळे ब्रेकची रबरे बदलावी लागत नाहीत. फक्त रुंदीतल्या फरकापुरती ब्रेकची केबल थोडी ओढून घ्यावी लागते.