पंपावर आपोआप उगवलेलं कोरल

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी ४० गॅलनची रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मी फक्त टणक सांगाडा नसलेले, म्हणजे छंदाच्या भाषेत मऊ कोरल ठेवतो: झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. त्यामुळे पंपाच्या प्लास्टिकच्या कवचावर साबुदाण्याएवढा तपकिरी ठिपका दिसला, तेव्हा तो मी आणलेला नाही एवढं नक्की होतं. बायकोचं निदान तयार होतं : "बुरशी असेल, खरवडून टाक."

अनोळखी गोष्ट मी लगेच खरवडत नाही, आणि खरवडायचीच तर हातमोजे आणि चष्मा घालून. झोअँथिडांच्याच गोतावळ्यातल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. पॅलिथोआ चिकटलेले दगड घरात घासल्या-उकळल्यामुळे कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

पहिला संशय अर्थातच ऐप्टेशियावर, म्हणजे टाकीभर पसरणाऱ्या उपद्रवी अॅनेमोनवर (समुद्रफुलावर). पण त्याचं अंग मऊ असतं. पिपेटच्या टोकाने हलकेच टोचलं तर इथे पॉलिप (कोरलचे इवलेसे, तोंड-शुंडकं असलेले जीव) आत गेले आणि खाली टणक लागलं. म्हणजे चुन्याचा सांगाडा, म्हणजे स्टोनी कोरल. ऐप्टेशियाचा विषय तिथेच संपला.

फोटोंचा मात्र फार उपयोग झाला नाही. निळ्या एलईडीखाली निम्मी टाकी हिरवी चमकते, त्यात खरा रंग आणि आकार दोन्ही हरवतात. शेवटी पंप काढला, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या भांड्यात ठेवला आणि साध्या पांढऱ्या उजेडात वरून भिंगाने पाहिलं. मध्ये काच नसली की केवढा फरक पडतो! सांगाड्यातल्या, पॉलिप बसतात त्या बारीक वाट्या दिसल्या, प्रत्येकी साधारण १ मिलिमीटरच्या. रात्री लाल टॉर्चखाली पॉलिप उघडलेले सापडले आणि शुंडकं मोजता आली : १२. लेदरसारख्या खऱ्या मऊ कोरलच्या पॉलिपला ८ असतात आणि त्यांना पिसासारखी झालर असते, तेव्हा इथेही उत्तर तेच आलं.

एवढ्या बारीक वाट्या म्हटल्यावर माझ्या डोक्यात तीन नावं होती : सेरियाटोपोरा, स्टायलोफोरा आणि पोसिलोपोरा. तिन्ही एकाच कुळातली, आणि लहानपणी तिन्ही चपट्या पापुद्र्यासारखीच दिसतात. या टप्प्यावर कुणी छातीठोकपणे नाव सांगितलं तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही. फांद्या फुटेपर्यंत थांबलो.

फांद्या आल्यावर सेरियाटोपोरा बाद झाला. त्याची टोकं सुईसारखी निमुळती आणि वाट्या ओळीत मांडलेल्या असतात, माझ्याकडची टोकं बोथट होती. उरलेल्या दोघांसाठी एक बारीक फांदी कापली, नुसता सांगाडा उरावा म्हणून ब्लीचमध्ये रात्रभर बुडवली, भरपूर धुतली आणि दहापट भिंगाखाली धरली. स्टायलोफोराच्या वाटीवर टोपीसारखी कड असते आणि मधोमध एक टोकदार खांब. इथे तसं काही नव्हतं. उलट फांदीभर चामखिळीसारखे उंचवटे होते आणि त्या उंचवट्यांवरही वाट्या. ही पोसिलोपोराची खूण.

मग ते आलं कुठून? लेदरचा फ्रॅग, म्हणजे कापलेला छोटा तुकडा, ज्या गृहस्थांकडून घेतला होता त्यांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. त्यांच्या टाकीत पोसिलोपोराचा मोठा झुडूप आहे आणि तो त्यांच्याही पंपांवर, नळ्यांवर उगवतो. हे कोरल आपल्या अळ्या पॉलिपच्या आतच वाढवून सोडतं. निघतानाच त्यांच्या अंगात उजेडावर अन्न बनवणारं शैवाल असतं, त्यामुळे शिदोरी बरोबरच. प्रयोगशाळेत अशा अळ्या १०० दिवसांहून अधिक काळानंतरही चिकटायला तयार असलेल्या आढळल्या आहेत. फ्रॅगच्या बुडाशी एखादी आली असणार. त्यांच्याकडचा गुलाबी आणि माझा तपकिरी, कारण माझ्याकडे उजेड कमी आणि नायट्रेट जास्त. अशा पाण्यात अंगातलं शैवाल वाढतं आणि कोरल तपकिरी पडतं. रंगावरून ओळखायला गेलो असतो तर दोघांचं नातं कधीच जुळलं नसतं.

फोटो पाहून मुंबईतला भाऊ म्हणाला, "मलाही एक तुकडा आण की." त्याला सरळ नाही सांगितलं. भारतात स्टोनी कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अमेरिकेबाहेर न्यायलाही सायटिसची, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची, कागदपत्रं लागतात.

जातीपर्यंत मात्र मी पोहोचलो नाही. डॅमिकॉर्निस की अक्युटा, हे नुसतं पाहून खात्रीने सांगता येत नाही. पाण्याच्या ओढीप्रमाणे आणि उजेडाप्रमाणे एकाच जातीच्या फांद्या बारीक किंवा जाड होतात. अभ्यासकांनीही या दोन जाती जनुकीय चाचणीनेच नीट वेगळ्या केल्या. माझ्या हौसेला तेवढी गरज वाटली नाही. फ्रॅग देताना डबीवर "पोसिलोपोरा" एवढंच लिहितो, आणि पंपावर लक्ष ठेवा म्हणून आधीच बजावतो.