आल्याचं विरजण: इंदूरच्या उन्हाळ्यातली तिसरी खेप

१२ एप्रिल
घरच्या जिंजर बिअरसाठी, म्हणजे आल्याच्या आंबवलेल्या फसफसत्या पेयासाठी, लावलेल्या विरजणाच्या बरणीत चौथ्याच दिवशी फेस आला! कृतींमध्ये सगळीकडे आठवडा सांगतात, पण ते थंड हवेचं गणित. आमच्या ओट्यावर दुपारी ३६ अंश असतात.

मी याला सरळ विरजणच म्हणते. अर्धा लिटर पाणी, त्यात रोज दोन चमचे किसलेलं आलं आणि दोन चमचे साखर, वर पंच्याचा तुकडा बांधलेला. नर्मदेचं नळाचं पाणी उकळून रात्रभर उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. आलं मात्र सोलायचं नाही, कारण यीस्ट सालीवरच असतं. पहिल्या दोन वेळा पाकिटातलं धुतलेलं आलं घेतलं आणि बरणी थंडच राहिली. यावेळी चोइथराम मंडीतून मातीने माखलेलं, नुसतं झटकून आणलं. आज फडकं सोडल्यावर पिठासारखा, किंचित आंबूस वास आला आणि कडेने बुडबुडे फुटत होते. कान लावला तर सुरसुर ऐकू येते.

१४ एप्रिल
नणंदबाईंनी विचारलं, ‘वहिनी, बिअर म्हणजे दारूच ना?’ रास्त प्रश्न आहे. आंबवलं की थोडा अल्कोहोल होणारच, म्हणून मुलांना देत नाही. मुलांसाठी आल्याचा पाक आणि गार सोडा.

खरं तर दोन वेगळ्या पेयांची गल्लत इथेच होते. जिंजर बिअर इंग्लंडात अठराव्या शतकात घरोघर आंबवत. तिचं मूळ विरजण साबुदाण्यासारख्या पारदर्शक दाण्यांचं असतं. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शल वॉर्ड यांनी १८९२ मध्ये दाखवून दिलं की त्यात यीस्ट आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहतात. आपलं बरणीतलं विरजण त्याचं साधं भावंड. जिंजर एल नंतरचं, १८५० च्या दशकात बेलफास्टमध्ये आलेलं: आंबवणं नाही, सरबतात दाबून भरलेला वायू. टोरांटोचं फिकट, कमी गोड ‘ड्राय’ एल १९०४ चं. आपल्या गाड्यावरचा जिंजर सोडा याच दुसऱ्या घराण्यातला.

१६ एप्रिल
बाटल्या भरल्या. दोन लिटर पाणी, २०० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम आलं, दोन लिंबं, एक वाटी विरजण. पाक पूर्ण गार झाल्यावरच विरजण घालायचं, गरम पाण्यात यीस्ट मरतं.

आल्याबद्दल यावेळी एक शिकले. कच्च्या आल्यातलं जिंजरॉल हे तिखट द्रव्य शिजवलं की त्यातलं काही झिंजरोन होतं, ते सौम्य आणि गोडसर. उलट वाळवल्यावर शोगाओल होतं, ते जास्त झोंबणारं. सुंठ घशाला लागते ती म्हणूनच. तेव्हा निम्मं आलं पाकात उकळलं, निम्म्याचा रस कच्चाच पिळून घातला.

गोटी सोड्याच्या जुन्या बाटलीत भरायची फार इच्छा होती. पण हिराम कॉड यांच्या १८७२ च्या त्या बाटलीत भरतानाच वायूचा दाब असतो, आणि बाटली उलटी असते, तोच दाब गोटीला रबरी कड्यावर घट्ट बसवतो. आपल्याकडे दाब तयार व्हायलाच दिवस लागतो, तोवर गोटी खालीच पडलेली.

१८ एप्रिल
काचेची एक बाटली दुपारी फुटली. कपाटात होती, म्हणून कुणाला लागलं नाही, पण वरच्या फळीपर्यंत काचा होत्या. काचेत भरू नका, निदान एप्रिल-मेमध्ये तरी. सोड्याची प्लास्टिकची बाटली घ्या आणि दर चार तासांनी अंगठ्याने दाबून पाहा. माझी ३० तासांत दगडासारखी कडक झाली, तशीच फ्रिजमध्ये टाकली.

१९ एप्रिल
संध्याकाळी उघडली. आधी फुस्स, मग बारीक, टिकणारा फेस. यीस्टने साखर खाल्ल्यामुळे गोडी उतरलेली, त्यामुळे तिखटपणा पुढे आला: पहिल्या घोटाला लिंबू, गिळल्यावर घशाच्या मागे आल्याची ऊब. दुसऱ्या खेपेपेक्षा कितीतरी सरस. सासूबाईंनी अर्धा पेला संपवून म्हटलं, ‘आलेपाकाची आठवण झाली गं.’

पुढच्या खेपेत पाव चमचा सुंठ आणि थोडा गूळ. कुणी गुळावर विरजण चालवलं असेल तर रंग किती गडद येतो, तेवढं कळवा.