हात की वाचा?

"मॅडम, पैशांची सोय झालीये. स्टेम सेल करायचं की नाही, एवढंच सांगा."

ओपीडी संपत आली होती. मुलगी खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागली. शेजारी तिचे बाबा, वय साठीच्या पुढे. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, म्हणजे स्ट्रोक झाला, त्याला अकरा महिने झाले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत ते रुग्णालयात पोचेपर्यंत उलटून गेली होती. निवडक रुग्णांमध्ये 24 तासांपर्यंत कॅथेटरने गुठळी ओढून काढता येते, हे 2018 पासून माहीत आहे. पण ती सोय जिथे होती तिथे त्यांना वेळेत नेणं झालं नाही. आता ते काठी घेऊन चालत. उजवा हात खांद्यातून उचलत, बोटं मिटत पण उघडत नसत. समजायचं जवळपास सगळं, मात्र तोंडातून "हो", "नको" आणि दोनचार तुटक शब्दच निघत.

स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, देणाऱ्या एका केंद्राचं माहितीपत्रक मुलीने माझ्यापुढे ठेवलं. 'मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी' असं त्यावर ठळक छापलेलं. असली वाक्यं वाचली की मला राग येतो, कारण वाचणाऱ्याच्या घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं.

मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा फुप्फुसातच अडकतात. त्या मेंदूत जाऊन नव्या चेतापेशी होतात आणि तुटलेली जोडणी पूर्ववत करतात, असा पुरावा माणसांमध्ये नाही. त्यांच्यातून स्रवणारे घटक दाह कमी करतात आणि उरलेल्या पेशींना आधार देतात, ही त्यामागची मुख्य कल्पना. कल्पना चांगली आहे आणि तिच्यावर प्रामाणिक काम चाललंय. भारतातल्या पाच केंद्रांत 120 रुग्णांवर चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांना स्वतःच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या. 2014 मध्ये निकाल आला: धोका दिसला नाही, फायदाही दिसला नाही. अमेरिकेत स्ट्रोकला बराच काळ लोटलेल्या 18 रुग्णांच्या कवटीला छिद्र पाडून पेशी थेट मेंदूत सोडल्या. 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा आम्ही सगळेच हरखलो होतो, कारण काहींच्या हातापायांत खरोखर सुधारणा होती. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. पुढच्या मोठ्या चाचणीत काहींवर पेशी न सोडता नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया केली, आणि ठरवलेल्या मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत फरक उरला नाही.

"पण तोटा तर नाही ना?" तिने विचारलं.

तोटा होऊ शकतो. स्ट्रोकनंतर देशोदेशी जाऊन अशी इंजेक्शनं घेतलेल्या एका माणसाच्या मणक्यात गाठ वाढली. तपासणीत त्या गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हेत, असं निघालं. हेही 2016 मध्येच प्रसिद्ध झालंय.

एवढ्यात काकांनी डाव्या हाताने टेबलावर थापटलं. इतका वेळ आम्ही दोघी त्यांच्या डोक्यावरून बोलत होतो. मी एक कोरा कागद घेतला आणि हात, पाय, बोलणारं तोंड अशी चित्रं काढली. "काका, आधी काय सुधारायला हवंय?" त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. वाचा गेलेल्या माणसाचं हो-नाही कधीकधी चुकतं, म्हणून क्रम बदलून पुन्हा चित्रं काढली. पुन्हा तोंडच. मुलगी गोंधळली. "बाबा, हात नको?" "नको," ते म्हणाले. मग बोट तोंडावर, तिथून तिच्याकडे, परत तोंडावर.

अकरा महिने त्या घरात हाताचा व्यायाम एक दिवसही चुकला नव्हता. वाचा-उपचार मात्र सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर बंद पडले होते. "सहा महिन्यांत जे यायचं ते येतं" असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं नाही. जर्मनीत सहा महिने किंवा त्याहून जुना वाचाघात असलेल्या लोकांना किमान तीन आठवडे, आठवड्याला 10 तास किंवा अधिक वाचा-उपचार दिले. रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. त्यात तुलनेचा गट होता आणि निकाल 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. या उपचाराचं माहितीपत्रक कोणी छापत नाही.

हाताचंही मी सोडलं नाही. मानेतून जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला व्यायामाच्या क्षणी बारीक विद्युत झटका देणारं उपकरण 2021 मध्ये अमेरिकेत मान्य झालं. 108 जणांच्या चाचणीत ते चालू असलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना हातात लक्षणीय फरक पडला. उपकरण बसवूनही खरी उत्तेजना न मिळालेल्यांपैकी सुमारे पाव जणांना. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते आणि नंतर कसून व्यायाम करावा लागतो. काकांनी ऐकून घेतलं, हाताकडे पाहिलं आणि पंजा हलवून 'नंतर' अशी खूण केली.

त्याच दिवशी वाचा-उपचारांची रोजची वेळ ठरवून दिली. सध्या ते दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतात, अडखळतात, चिडतात, पुन्हा सुरू करतात. हात आहे तसाच आहे. मुलगी अजूनही स्टेम सेलवरचा एखादा लेख पाठवते आणि मी तो शेवटपर्यंत वाचते. चाचणी नोंदणीकृत आहे का, रुग्णाकडून पैसे घेतात का, तुलनेचा गट आहे का, हे तीन प्रश्न ती आता माझ्या आधी विचारते. परवा फोनवर म्हणाली, "मॅडम, याची तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. बाबांना विचारू?"

"विचार," मी म्हटलं, "आणि ते काय म्हणतात ते मला त्यांच्याच तोंडून ऐकव."