बूटस्ट्रॅपमधली एक फाइल

एका ग्राहकाच्या ऑनलाइन दुकानाची चाचणीसाठीची प्रत नव्या सर्व्हरवर उभी केली आणि गुरुवारी दुपारी तिच्यावर चाचणीची ऑर्डर टाकली. चाचणी डेटाबेसमधलं ऑर्डरचं टेबल रिकामंच राहिलं आणि पाच मिनिटांत ग्राहकाच्या गोदामातून फोन आला: "'टेस्ट टेस्ट' नावाची ऑर्डर आलीये, पॅक करायची का?" म्हणजे ती चालू दुकानात गेली होती.

प्रकल्प लाराव्हेल १० मधला; लाराव्हेल म्हणजे पीएचपी भाषेत वेबसाइट बांधायची चौकट. गिटमधली (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली) प्रत बरीच जुनी आणि पुढचे बदल थेट जुन्या, चालू सर्व्हरवर केलेले, म्हणून सकाळी अख्खं फोल्डर झिप करून आणलं होतं. नव्या सर्व्हरवरही मार्ग तोच ठेवला. स्टोरेज फोल्डर मात्र वगळलं, कारण उत्पादनांचे सगळे फोटो त्यात. तरीही झिप ४ जीबीची झाली. मी तिथेच थांबायला हवं होतं.

पहिला अडथळा लगेच आला. प्रत्येक पानावर ५०० ची, म्हणजे सर्व्हरची, चूक, आणि चुकांची नोंद होते तो लॉग कोराच. स्टोरेज नव्हतं, त्यामुळे लॉग लिहायलाच जागा नव्हती. हे फोल्डर फक्त फोटोंचं नाही. फ्रेमवर्क/व्ह्यूज यात ब्लेडची (लाराव्हेलच्या साच्यांची) पानं पीएचपीत रूपांतरित होऊन पडतात, फ्रेमवर्क/सेशन्समध्ये लॉगिन राहतात, शिवाय फ्रेमवर्क/कॅशे आणि लॉग्ज. ही चार फोल्डरं हातानं तयार केली, स्टोरेज आणि बूटस्ट्रॅप/कॅशे यांची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला दिली, आणि साइट उघडली.

मग तो फोन. डेटाबेसचं नाव, पासवर्ड ज्यात असतात ती डॉट ईएनव्ही फाइल तीनदा वाचली. तिच्यात चाचणी डेटाबेसचंच नाव होतं. पण फाइल बरोबर असणं आणि ती वाचली जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जुन्या सर्व्हरवर कुणीतरी 'आर्टिसन कॉन्फिग:कॅशे' चालवलं होतं (आर्टिसन हे लाराव्हेलचं आज्ञा चालवायचं साधन). ही आज्ञा कॉन्फिग फोल्डरमधल्या सगळ्या फाइली, डॉट ईएनव्हीतल्या नोंदींसकट, एकत्र करून बूटस्ट्रॅप/कॅशे/कॉन्फिग.पीएचपी अशी एकच फाइल बनवते. ती असेपर्यंत लाराव्हेल डॉट ईएनव्ही उघडतच नाही. ती फाइल झिपमधून आली आणि चालू डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड सोबत घेऊन आली.

बूटस्ट्रॅप फोल्डरचा संशय कुणालाच आला नाही, याचं कारण आहे. दहाव्या आवृत्तीपर्यंत त्यात हात घालायची वेळच येत नसे. मार्च २०२४ मध्ये ११ वी आवृत्ती आली, तेव्हा एचटीटीपीमधली कर्नल फाइल गेली आणि मिडलवेअर (विनंतीच्या वाटेवरची तपासणी), राउटिंग (कोणता पत्ता कुठे जातो), चुकांची हाताळणी बूटस्ट्रॅप/अ‍ॅप.पीएचपीत आली. आमचा नवा सहकारी अकरावरच शिकलेला. तो मिडलवेअर तिथे शोधत होता, आणि त्याच्यामुळेच ते फोल्डर उघडलं गेलं.

फोल्डरांची नावं पाठ करून उपयोग नाही. प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: यात लिहितं कोण? अ‍ॅप, कॉन्फिग, राउट्स, रिसोर्सेस, डेटाबेस यांत आपण लिहितो; ती गिटमधून यावीत. व्हेंडरमध्ये कंपोझर, म्हणजे बाहेरची पॅकेजेस आणणारं साधन, लिहितो; कंपोझर.लॉक (त्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) असेल तर ते पुन्हा तसंच उभं राहतं. बूटस्ट्रॅप/कॅशेत आर्टिसन लिहितो. ते कधीच एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊ नये. स्टोरेजमध्ये चालू प्रोग्राम लिहितो, आणि त्यातले ग्राहकाचे फोटो दुसरीकडे कुठेच नसतात.

'आर्टिसन कॉन्फिग:क्लिअर' चालवलं, ऑर्डर चाचणी डेटाबेसमध्ये पडली. पण नवा फोटो चढवला तर तो दिसेना, जुने सगळे दिसत होते. इथे ४ जीबीचा उलगडा झाला. पब्लिक/स्टोरेज हे खरं फोल्डर नसतं. ती स्टोरेज/अ‍ॅप/पब्लिककडे नेणारी लिंक असते, कारण ब्राउझरला फक्त पब्लिकच दिसायला हवं. झिपला '-वाय' हा पर्याय दिला नाही तर ती लिंकच्या पलीकडच्या फाइली गोळा करते. स्टोरेज वगळूनही सगळे फोटो पब्लिकच्या वाटेने आत आले, आणि नव्या सर्व्हरवर लिंकच्या जागी खरं फोल्डर बसलं. नवा फोटो स्टोरेजमध्ये जात होता, ब्राउझर जुन्या प्रतींकडे बघत होता. 'आर्टिसन स्टोरेज:लिंक' चालवलं तर लिंक आधीच आहे म्हणून ती आज्ञा परत फिरली.

अशा वेळी ते फोल्डर थेट उडवायचा मोह होतो. तसं केलं असतं तर नव्या सर्व्हरवरची फोटोंची एकमेव प्रत गेली असती. आधी फोटो स्टोरेज/अ‍ॅप/पब्लिकमध्ये कॉपी केले, दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवली, मग पब्लिकमधलं फोल्डर काढलं आणि लिंक केली.

गोदामातल्या ताईंना मी स्वतः फोन करून माफी मागितली. ती ऑर्डर रद्द करून तिच्यामुळे कमी झालेला साठा पूर्ववत केला, आणि चालू डेटाबेसचा पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलला.