उजाडण्याआधीच दिलेल्या शुभेच्छा

पुण्यात जपानीच्या क्लासला जायचे तेव्हा सणांचे शब्द मी एका रविवारी दुपारी उरकले होते. वहीत दोन रकाने. डावीकडे ओशोगात्सु, सेत्सुबुन, ओबोन, ओहिगान. उजवीकडे मराठी अर्थ. ओबोन म्हणजे पितृपक्ष, विषय संपला. जपानीची एन-फोर ही परीक्षा पास झाले, नोकरीसाठी तोक्योला आले आणि पहिल्याच डिसेंबरात तोंडावर आपटले.

२८ तारीख, ऑफिसचा वर्षातला शेवटचा दिवस. निघताना मी सगळ्यांना ठणठणीत आवाजात नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, ‘अकेमाशिते ओमेदेतो गोझाइमासु!’ क्षणभर शांतता. मग एक सीनियर हसून म्हणाले, ‘अजून उजाडलं नाही हो.’ अकेरु म्हणजे उजाडणं, आणि ‘ते’ हा प्रत्यय लावला की उजाडून झालेलं असतं. हे व्याकरण मला पाठ होतं, शुभेच्छेत मात्र कधी दिसलं नव्हतं! ३१ तारखेपर्यंत म्हणायचं ‘योई ओतोशि ओ’. हे अर्धंच वाक्य आहे. ‘चांगल्या वर्षाचं स्वागत करा’ यातलं ‘स्वागत करा’ गिळून टाकलेलं.

त्याच आठवड्यात ‘मोचू’ कळला. घरात कुणी गेलं असेल तर त्या वर्षी नववर्षाची पत्रं पाठवत नाहीत. आमच्याकडे दुःख आहे, असं आधीच कार्डाने कळवतात. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण न करणाऱ्या घरात वाढलेल्या मला हा शब्द पाठ करावा लागला नाही.

उजवा रकाना मी फाडून टाकला. ठरवलं, दुकानात वस्तू दिसेल तेव्हाच शब्द लिहायचा. जानेवारीत सुपरमार्केटमध्ये भाजलेले सोयाबीन आणि राक्षसाचे कागदी मुखवटे आले, तेव्हा सेत्सुबुन, म्हणजे हिवाळा संपतानाचा सण, वहीत आला. दाणे फेकत ओरडायचं, ‘ओनि वा सोतो, फुकु वा उचि’: राक्षस बाहेर, भाग्य घरात. मला थेट आजीचं ‘इडा पीडा टळो’ ऐकू आलं. नंतर वयाइतके दाणे खायचे. पस्तिशीपुढे हा व्यायामच आहे. शिवाय क्लासमध्ये घोकलेली ३ फेब्रुवारी ही तारीखही पक्की नाही. २०२५ मध्ये सेत्सुबुन २ तारखेला होता. तारखांचे उच्चार हा तर वेगळाच छळ. चौथी योक्का, आठवी योऽका. यावरून मी दाताच्या डॉक्टरांची वेळ चुकवली आहे.

पण मला सगळ्यात आवडलेला शब्द ओहिगान. वसंतात आणि शरदात, दिवस-रात्र समान होतात त्याच्या आगेमागे तीन-तीन दिवस, असे सात दिवस. लोक कबरी धुतात, फुलं वाहतात. वहीत मी लिहिलं होतं ‘विषुवदिनाचा आठवडा’. शब्दाची चित्रलिपी उघडून पाहिली तर अर्थ निघाला पलीकडचा काठ. म्हणजे आपलं पैलतीर! बौद्ध ग्रंथांतल्या ‘पारमिता’चं, म्हणजे पार जाण्याचं, चिनी भाषांतर करताना हाच काठ आला. २०२४ मध्ये शरदातला ओहिगान पितृपक्षातच पडला. मी खिडकीत काकबळी ठेवला, शेजारच्या आजी कबरीवर जाऊन आल्या.

मार्चमध्ये या आजींनी डबा दिला होता. चिकट भाताचा गोळा, बाहेरून लाल घेवड्यासारख्या अझुकीचं गोड पुरण. उलटी पुरणपोळी, वेलदोडा तेवढा नाही. नाव सांगितलं बोतामोचि. सप्टेंबरात पुन्हा तसाच डबा आला. मी ऐटीत म्हणाले, ‘वा, बोतामोचि!’

‘आता ओहागि,’ आजी म्हणाल्या. वसंतात बोतान फुलतं म्हणून बोतामोचि, शरदात हागि फुलतं म्हणून ओहागि. मी डबा धुऊन परत दिला, त्यात पाच बेसनाचे लाडू घातले. त्यांनी विचारलं, याचं नाव कोणत्या ऋतूतलं?